चिनी काच कुठली आणि किती जुनी, हे कसं ओळखायचं

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कुणी 'पेकिंग ग्लास' (पेकिंग म्हणजे आजचं बीजिंग) म्हणून फुलदाणी पुढे केली, की तो आधी ती उलटी करून बुडाचा शिक्का दाखवतो. चौकोनात कोरलेली चार चिनी अक्षरं, आणि सोबत ठरलेलं वाक्य: "बादशहाच्या कारखान्यातली आहे, साहेब." चिनी काचेवर सगळ्यात स्वस्तात नक्कल करता येते ती याच शिक्क्याची. म्हणून तो शेवटी वाचायचा. आधी काच वाचायची: वजन, कड, बूड, खोदकाम, झीज. पुढचे टप्पेही त्याच क्रमाने दिले आहेत.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी धरून ठेवा. चिनी म्हणून विकली जाणारी बहुतेक काच विसाव्या शतकातली असते, आणि त्यातलीही बरीच १९५० नंतरची. त्यात वाईट काही नाही. फक्त पैसे त्या हिशेबाने मोजायचे.

आधी तारखांपुरता इतिहास

चीनमध्ये काच फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकांतले डोळ्यांच्या आकाराच्या ठिपक्यांचे मणी आणि त्यापुढच्या हान राजवटीतल्या गोल चकत्या सापडल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच काचेत शिसं आणि बेरियम दोन्ही असतात. हे मिश्रण प्राचीन जगात दुसरीकडे जवळपास आढळत नाही, त्यामुळे संशोधकांना ती काच चीनमध्येच घडलेली आहे हे ओळखता येतं. पण असा माल तुमच्या-आमच्या हाती लागण्याची शक्यता नगण्य. कुणी 'हान काळाची काच' विकायला आणली तर नमस्कार करून पुढे जावं.

आपल्या कामाचा इतिहास १६९६ पासून सुरू होतो. त्या वर्षी कांगशी बादशहाने बीजिंगमध्ये शाही काचकारखाना उभारला आणि किलियन श्टुम्प्फ या जर्मन जेझुइट पाद्र्याने तो चालवला. छियानलोंगच्या कारकिर्दीत (१७३६ ते १७९५) हा कारखाना भरात होता. १७५० च्या दशकाच्या अखेरीस तिथले काचेचे जाणकार पाद्री वारले आणि हळूहळू उतरण लागली, तरी काम १९११-१२ मध्ये छिंग हे चीनचं शेवटचं राजघराणं संपेपर्यंत रेंगाळत चालू राहिलं. दुसरीकडे शानडोंग प्रांतातलं बोशान हे काचेचं खरं गाव. तिथे चौदाव्या शतकाच्या सुमारापासूनच्या भट्ट्यांचे अवशेष मिळाले आहेत. बोशानची कच्ची काच कांड्यांच्या आणि ढेपांच्या रूपात बीजिंगला जायची आणि तिथे वितळवून वस्तू घडायच्या. म्हणून 'पेकिंग ग्लास' हे नाव ढिलं आहे. पुष्कळशा 'पेकिंग' वस्तूंचं पीठ बोशानचं असतं.

हत्यारं

दहापटीचं भिंग, चांगला टॉर्च, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. एवढं पुरतं. कानस, आम्ल, खिळ्याने ओरखडा काढणं असले प्रयोग करू नका, आणि दुकानदारालाही करू देऊ नका.

पहिला टप्पा: ही काच आहे का?

चिनी कारागिरांनी काचेकडून जेड, अकीक, पोवळं, अंबर, मनशीळ (आर्सेनिकचं लालसर खनिज) अशा सगळ्यांची सोंगं वठवून घेतली. त्यामुळे उलटा गोंधळही होतो. काच जेड म्हणून विकली जाते आणि रेझिन काच म्हणून.

घनता मोजणं घरी जमतं. वस्तू कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-कडेला टेकणार नाही अशी धरा. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे वस्तूचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन भागिले हा आकडा, झाली घनता. समजा वजन ६२.५ ग्रॅम आणि बुडवल्यावर आकडा २५, तर घनता २.५. बाटलीसारखी पोकळ वस्तू आतून पूर्ण पाण्याने भरली पाहिजे, हवेचा एक बुडबुडाही अडकता कामा नये.

साधी काच २.४ ते २.६ च्या दरम्यान येते. शिसं घातलेली २.८ च्या पुढे जाते, कधी साडेतीनच्याही वर. नेफ्राइट जेड साधारण २.९५, जेडचाच दुसरा प्रकार जेडाइट ३.३ आणि रेझिन जेमतेम १.१ ते १.३. अकीक आणि स्फटिक २.६ ते २.६५ असल्यामुळे काचेच्या अगदी जवळ येतात. तिथे भिंगच कामाला येतं: काचेत गोल किंवा ताणलेले बुडबुडे आणि वळणावळणाच्या रेषा दिसतात, अकीकात समांतर पट्टे असतात.

आतून रंगवलेली बाटली मात्र चुकूनही पाण्यात घालू नका. रंग निघून जाईल. पृष्ठभागावर जाळीदार तडे असलेली जुनी काचही कोरडीच ठेवायची.

दुसरा टप्पा: चिनी की आणखी कुठली?

युरोपातला कारागीर काचेकडे वितळलेला, वाहता पदार्थ म्हणून पाहतो. चिनी कारागिराने तिच्याकडे दगड म्हणून पाहिलं. हा फरक डोळ्यांत बसला की अर्धं काम झालं. छिंग काळातल्या भांड्याच्या भिंती जाड असतात. तोंडाची कड आगीत वितळवून गोल केलेली नसते, चाकावर घासून सपाट केलेली असते. बुडाला घासून काढलेली बैठकीची कडी असते. फुंकनळीचा माल तोडल्याची खूण युरोपीय काचेत बुडाच्या मधोमध खडबडीत राहते. इथे ती घासून नाहीशी केलेली किंवा खोलगट गुळगुळीत केलेली आढळते. आकारही चिनी मातीच्या आणि ब्राँझच्या भांड्यांचे: लांब मानेची बाटली, आठ पैलूंची फुलदाणी, वाडगा. आणि एकरंगी, अपारदर्शक काचेचं प्रेम: पिवळा, निळा, गोमांसासारखा लाल, दुधाळ पांढरा.

थराच्या काचेत गोंधळ सगळ्यात जास्त. पांढऱ्या किंवा बर्फासारख्या बुडबुडेदार काचेवर दुसऱ्या रंगाचा थर चढवून तो कोरून नक्षी उठवायची, ही चिनी खासियत. एमिल गाले या फ्रेंच काचकाराने १८८५ मध्ये बर्लिनला जाऊन तिथल्या संग्रहातली अशी चिनी काच मुद्दाम अभ्यासली, त्यामुळे साम्य योगायोगाचं नाही. ओळखायचं असं: एकाहून अधिक रंग असतील तर चिनी कामात ते बहुधा एकाच पातळीवर, वेगवेगळ्या जागी ठिगळांसारखे चढवलेले असतात. लाल फूल इथे, हिरवं पान तिथे, निळा पक्षी वर. फ्रेंच-इंग्रजी कामात थर एकावर एक असतात आणि खोल कापत गेलं की खालचा रंग दिसतो. फ्रेंच वस्तूवर उठावदार अक्षरांत सही असते. बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) थराच्या काचेत गोल किंवा कमानदार खिडक्या कापलेल्या असतात आणि सोनेरी वेलबुट्टी जवळपास ठरलेली. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या हंड्या-झुंबरं, गुलाबदाण्या या घराण्यातल्या. त्या चिनी नसतात, कुणी कितीही सांगितलं तरी.

जेडसारखी हिरवी दाबकाच बोहेमियात १९३० च्या दशकात भरपूर झाली. तिच्यावर साच्याची शिवण असते आणि नक्षीच्या कडा गोलसर, लोण्यात उमटल्यासारख्या.

तिसरा टप्पा: खोदकाम

इथे घाई करू नका. वय ठरवायला याहून चांगला साक्षीदार नाही.

जुनं काम फिरत्या चाकाने आणि काच घासणाऱ्या ओल्या भुकटीने झालेलं असतं. भिंग लावून पाकळीच्या कडेला, जिथे उठाव संपून जमीन सुरू होते तिथे बघा. चाकाने कापलेली कड किंचित तिरकी असते, काही ठिकाणी आत घुसलेली. नक्षीमधली जमीन टॉर्चच्या तिरक्या उजेडात हलकीशी लाटदार दिसते, कारण प्रत्येक कोपरा वेगळ्या चाकाने साफ केलेला असतो. पानांच्या शिरा एका ओढीत कापलेल्या, सुरुवातीला बारीक, मध्ये जाड, शेवटी पुन्हा बारीक. चांगल्या अठराव्या शतकातल्या कामात ही जमीनसुद्धा पॉलिश केलेली असते, अगदी अडचणीच्या कोपऱ्यातही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि १९११ नंतर खर्च वाचू लागला: थर जाड, नक्षी मोठी, पाकळ्यांचा उठाव बोजड, जमीन मळकट राहिलेली.

आम्लाने खाल्लेलं काम वेगळं दिसतं. सगळीकडे एकसारखी खोली, कडा उभ्या, जमीन सपाट आणि धुरकट. वाळूच्या फवाऱ्याने केलेल्या कामात जमिनीवर बारीक दाणे दिसतात. ही आजकालची पद्धत. बाजारातल्या नव्या 'छियानलोंग' वाडग्यांचा निकाल बहुधा याच दाण्यांवर लागतो. तिसरा प्रकार सर्वांत लबाड: साच्यात उठाव काढून वर रंगाचा पातळ लेप. कुठेतरी टवका उडालेला शोधा. खऱ्या थराच्या काचेत टवक्याच्या आत रंग खोलवर गेलेला असतो, लेपात लगेच खालची काच उघडी पडते.

चौथा टप्पा: रंग, रोग आणि झीज

काही रंग स्वतःच तारीख सांगतात. सोनेरी चकाकीची आव्हेंच्युरीन काच शाही कारखान्यात १७४१ च्या सुमारास जेझुइटांच्या मदतीने साधली, त्याआधीची म्हणून ती दाखवली तर शंका घ्या. अतिनील उजेडात झगझगीत पोपटी चमकणारी युरेनियमची काच १८३० च्या आधीची धरता येत नाही. सेलेनियमने आणलेला भडक लाल आणि नारिंगी रंग १८९० नंतरचा. म्हणजे एका साध्या टॉर्चने 'छियानलोंग'चे काही दावेदार जागीच बाद होतात. शिशाची काच या उजेडात फिकट निळसर चमकू शकते, पण तेवढ्यावर वय ठरवू नका. ती खूण आधाराला घ्यायची.

सुरुवातीच्या शाही काचेत, विशेषतः पारदर्शक काचेत, एक रोग दिसतो. क्षार जास्त आणि चुना कमी पडल्यामुळे काच हवेतलं पाणी ओढते, पृष्ठभाग चिकट होतो, 'रडतो', आणि पुढे आतून बारीक तड्यांचं जाळं पसरतं. खऱ्या रोगाचे तडे अनियमित आणि काचेच्या आत असतात. तापवून गार पाण्यात बुडवून पाडलेले तडे मोठे, लांब आणि एकाच खोलीचे. अशी वस्तू घरात असेल तर कोकणातला किंवा मुंबईचा पावसाळा तिचा शत्रू आहे. बंद कपाटात सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४० ते ४५ टक्क्यांच्या आसपास राखा.

झीज पाहायची ती बुडाच्या कडीवर. खरे ओरखडे वेगवेगळ्या लांबीचे, वेगवेगळ्या दिशांचे असतात आणि जिथे वस्तू टेबलाला टेकते तिथेच सापडतात. सँडपेपरने केलेले सगळे एका दिशेने जातात आणि न टेकणाऱ्या भागावरही पसरतात. खोबणीतला तपकिरी मळ ओल्या कापसाच्या बोळ्याने सहज सुटला, तर तो मळ चहाचा किंवा बुटाच्या पॉलिशचा समजा.

पाचवा टप्पा: विसावं शतक आणि चिकटपट्ट्या

इथपर्यंत वस्तू 'जुनी नाही' असं दिसलं, तरी दशक ठरवता येतं. बऱ्याचदा तेच जास्त अचूक जमतं.

अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे इंग्रजीत नुसतं 'चायना' कोरलेली किंवा छापलेली वस्तू त्यानंतरची, आणि 'मेड इन चायना' साधारण १९२१ नंतरची, असा संग्राहकांचा ढोबळ नियम आहे. 'पीपल्स रिपब्लिक' असेल तर १९४९ नंतरची. डिसेंबर १९५० ते जून १९७१ अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली होती. म्हणून अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिथल्या दुकानातून घेतलेली वस्तू बहुधा या मुदतीच्या आधीची किंवा नंतरची असते.

स्पेलिंगही बोलतं. पट्टीवर 'पेकिंग', 'शांटुंग', 'तिएन्त्सिन' अशी जुनी रूपं असतील तर बहुधा १९७९ च्या आधीची. 'बेइजिंग', 'शानडोंग' असेल तर नंतरची, कारण चीनने परदेशी व्यवहारात पिनयिन ही रोमन अक्षरांतली लेखनपद्धत १९७९ पासून वापरायला घेतली. चिनी अक्षरं सोप्या केलेल्या वळणाची असतील तर १९५६ नंतरची. खोक्यावर ६९० ने सुरू होणारा बारकोड असेल तर १९९१ नंतरची. पट्टी दुसऱ्या वस्तूवरून उचलून चिकटवता येते हे खरं, पण स्वस्त वस्तूसाठी एवढी खटपट कुणी करत नाही.

या काळातले तीन प्रकार ओळखून ठेवा. १९३० च्या दशकातले चिनी पेपरवेट फ्रेंच नमुन्यांवरून केलेले असतात. काच हलकी, किंचित पिवळसर-हिरवट, आतली फुलं धूसर. १९६०-७० च्या दशकांतले हिरव्या तारेच्या देठांचे काचेचे द्राक्षघोस आणि काचेच्या पानांची कुंडीतली झाडं. आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत बोशान आणि दालियानच्या भट्ट्यांतून निघालेले रंगीबेरंगी मासे, विदूषक, झालरीच्या कडेच्या फुलदाण्या. हे शेवटचे आपल्याकडे सर्रास 'मुरानो' (इटलीत व्हेनिसजवळच्या बेटावरची नावाजलेली काच) म्हणून विकले जातात. बूड पाहा: मुरानोच्या चांगल्या कामात तोडखूण घासून पॉलिश केलेली असते किंवा नीट आगीत बसवलेली. चिनी नकलेत बहुधा बूड घाईत सपाट केलेलं, रंगीत कांड्या कडेजवळ फाकलेल्या आणि पारदर्शक काचेत बुडबुडे मोकाट.

आतून रंगवलेल्या तपकिरीच्या बाटल्या

ही कला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली आणि १८८० नंतर बीजिंगमध्ये बहरली. टोकाला वाकवलेल्या बांबूच्या लेखणीने, अरुंद तोंडातून, उलट्या क्रमाने चित्र काढायचं. त्याआधी बाटलीत लोखंडी कीस आणि पाणी घालून, हलवून आतली बाजू खरखरीत करायची म्हणजे रंग धरतो.

बाटलीवर पुष्कळदा तारीख असते, आणि तिथेच फसायला होतं. चिनी वर्षचक्र ६० वर्षांनी फिरतं. 'जियावू' वर्षाची सही १८९४ ची असू शकते, १९५४ ची किंवा २०१४ चीही. म्हणून आधी रंग बघा. जुन्या कामाचे रंग संयमी, शाईच्या धुरकट छटांचे. नव्यात फोटोसारखे चेहरे, चकचकीत निळा-हिरवा आणि काच अगदी निर्दोष. वापरलेल्या बाटलीत तोंडाजवळ चमच्याने पडलेले ओरखडे आणि तपकिरीचा डाग असतो. पण चित्र काढल्यावर बाटली बहुधा शोभेलाच ठेवली जायची, तेव्हा आतून कोरी असणं हा पुरावा धरू नये.

शेवटी शिक्का

आता वस्तू उलटी करा. चार अक्षरं असतील तर दोन स्तंभांत, उजवीकडून डावीकडे, वरून खाली वाचतात: पहिली दोन बादशहाची, तिसरं 'वर्ष', चौथं 'घडवलं'. अक्षरं चाकाने कापलेली हवीत. रेषांची टोकं निमुळती आणि कोपऱ्यांत ओढी एकमेकींना किंचित ओलांडणाऱ्या. सुईच्या यंत्राने किंवा आम्लाने काढलेल्या रेषा एकसारख्या जाडीच्या येतात. छियानलोंगचा शिक्का एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत आदराने, सवयीने आणि फसवणुकीसाठी, तिन्ही कारणांनी वापरला गेला. शिक्का आणि काम जुळत नसतील तर कामावर विश्वास ठेवा. चांगल्या जुन्या काचेवर कित्येकदा शिक्का नसतोच.

आपल्या घरातली चिनी काच: उलटी चित्रं

महाराष्ट्राशी खरा धागा आहे तो काचेच्या मागून काढलेल्या चित्रांचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कँटनमधली (आजचं ग्वांगचौ) ही चित्रं जहाजांनी पश्चिम भारतात आली, आणि चिनी चित्रकारांनी कच्छ, सातारा इथल्या आश्रयदात्यांसाठीही काम केलं. पुढे देशी कारागीर तयार झाले. चिनी हाताच्या चित्रात चेहऱ्यावर मऊ छाया, मागे डोंगर-पाण्याचं दृश्य किंवा आरशाची जमीन असते. देशी चित्रात ठळक बाह्यरेषा, सपाट रंग, दागिन्यांमागे सोनेरी वर्ख.

इथे वय चित्राइतकंच काचेवरूनही समजतं. जुनी काच पातळ आणि लाटदार असते. ती तिरकी धरून खिडकीचं प्रतिबिंब बघा, ते वाकडं दिसेल. अगदी सपाट फ्लोट काच (वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली) १९५९ नंतरची. मागचा आरसा कथील-पाऱ्याचा असेल तर तो निळसर-करडा आणि किंचित दाणेदार दिसतो. चांदीचा आरसा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, आणि त्याची झीज तपकिरी-काळ्या डागांनी होते. अशी चौकट उघडू नका. रंग काचेला सुटलेला असू शकतो आणि फळी काढताच तो पापुद्र्यांसारखा गळतो.

पैसे मोजण्याआधी

महाग वस्तू असेल तर एक्स-रे फ्लुरोसन्स तपासणी करून घ्या. वस्तूला धक्का न लावता शिसं, बेरियम, पोटॅशियम, आर्सेनिक, युरेनियम, सेलेनियम समजतात. हातात धरायच्या यंत्राला सोडियम नीट मोजता येत नाही. पण बोशानच्या जुन्या काचेत सोऱ्यामुळे पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे ते अगदीच कमी निघालं तर विचार करा. डोळा तयार करायला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटांचा पौर्वात्य संग्रह पाहा. युरोपीय काचेसाठी हैदराबादचं सालारजंग.

भारतात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याखाली येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाला आजीची बाटली पाठवायची असेल, तर ती पुरातन नसल्याचा दाखला आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावा लागतो. विकत घेताना पावतीवर 'जुनी काच' एवढंच लिहून घेऊ नका. काळ आणि देश विक्रेत्याच्या हातून लिहून घ्या, खाली तारीख आणि सही. तो लिहायला तयार नसेल, तर किंमत नव्या काचेची द्या.